आधी विरुद्धार्थी शोध

अगं, वहीत तू जी ओळ लिहिली आहेस ना, कमिटेड, डेडिकेटेड, डिव्होटेड, लॉयल, स्टेडफास्ट, रेझोल्यूट, टेनेशस, आणि प्रत्येक दोन शब्दांमध्ये बरोबरचं चिन्ह, ती चिन्हं आधी खोड. चार पर्यायांपैकी एकावर खूण करायची असेल तर ती ओळ पुरते. तुला मात्र अर्ज लिहायचाय, मुलाखतीत बोलायचंय. तिथे हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

शब्द नीट कळला नसेल तर मी त्याचा विरुद्धार्थी शोधते. तूही करून बघ. लॉयलच्या उलट कोण? डिसलॉयल, त्याहून वाईट ट्रेचरस. म्हणजे लॉयल म्हटलं की समोर दुसरं कोणीतरी आलंच, ज्याचा विश्वासघात होऊ शकतो. डेडिकेटेडच्या उलट हाफ-हार्टेड. इथे फसवणूक नाही, मन लावून केलेलं नाही एवढंच. रेझोल्यूटच्या उलट इरेझोल्यूट, हे करू की ते करू यातच अडकलेला माणूस. कॉन्स्टंटच्या उलट फिकल, आपण धरसोड म्हणतो ते. आणि स्टेडफास्ट? त्यातल्या ‘स्टेड’चा जुना अर्थ जागा आणि ‘फास्ट’ म्हणजे घट्ट. कपड्याचा रंग फास्ट असतो, तोच हा फास्ट, वेगाचा नव्हे. पाय रोवून उभा असलेला. म्हणून त्याच्या उलट वेव्हरिंग, डळमळणारा. दबाव असेल, संकट असेल, तेव्हाच हा शब्द शोभतो. रोज वेळेवर कामाला येणाऱ्याला स्टेडफास्ट म्हटलं की ते उगाच भारदस्त वाटतं.

ही माझ्या डोक्यातून निघालेली गोष्ट नाही बरं. पीटर मार्क रॉजे या इंग्रज डॉक्टरने 1805 मध्ये स्वतःच्या वापरासाठी शब्दांची जुळणी सुरू केली आणि 1852 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्याचा थिसॉरस छापून आला. त्याने शब्द अकारविल्हे नाही लावले, कल्पनांप्रमाणे लावले, आणि जिथे जमलं तिथे विरुद्ध कल्पना शेजारच्या रकान्यात. रेझोल्यूशनच्या शेजारी इरेझोल्यूशन. आणि ऑब्स्टिनसी, म्हणजे हेकटपणा, त्याला वेगळी नोंद. ही वेगळी नोंद मला फार महत्त्वाची वाटते, कारण बाजारातल्या याद्यांमध्ये स्टबर्न, ऑब्स्टिनेट, अ‍ॅडमंट हे सगळे शब्द सरळ स्टेडफास्टच्या खाली चिकटवलेले असतात. पाठ करणाऱ्या पोरी बिचाऱ्या मुलाखतीत ‘आय अ‍ॅम व्हेरी अ‍ॅडमंट’ असं कौतुकाने सांगतात आणि ऐकणारा मनात म्हणतो, हिच्याबरोबर काम करणं कठीण आहे.

तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल 1948 मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात हेच बोलला होता. एकाच स्वभावाला माणूस स्वतःपुरता फर्म म्हणतो, समोरच्याला ऑब्स्टिनेट आणि तिसऱ्याला तर थेट मूर्ख ठरवून पिग-हेडेड. आपल्याकडे तरी काय वेगळं? आपल्या मुलीची जिद्द, शेजारणीच्या मुलीचा हट्ट. तेव्हा शब्द निवडताना बघ, तो कोण कोणाबद्दल वापरतंय. टेनेशस, परसिस्टंट हे स्वतःबद्दल बेलाशक म्हण. डॉगेड दुसऱ्याने तुझ्याबद्दल म्हटलेला बरा. ऑब्स्टिनेटच्या वाटेला जाऊच नकोस.

कमिटेडची गंमत वेगळीच. कॉलेजच्या कट्ट्यावर ‘ती कमिटेड आहे’ म्हणजे तिचं कुठेतरी जमलंय. अर्जात तो शब्द कामाशी जोडावा लागतो, आणि जोडताना ‘टू’च्या पुढे क्रियापद आलं तर ते आयएनजी लावून येतं. ‘आय अ‍ॅम कमिटेड टू लर्न’ नाही, ‘कमिटेड टू लर्निंग’. एवढं चुकलं की निष्ठेचं वाक्यच कच्चं दिसतं.

खरं सांगू? विशेषणांपेक्षा क्रियापदं जास्त बोलतात. तुझ्या परिच्छेदात ‘कमिटेड, डेडिकेटेड अँड हार्डवर्किंग’ असे तीन दागिने एका ओळीत आहेत आणि वस्तीतल्या मुलांना दर रविवारी गणित शिकवलंस ते शेवटी, अर्ध्या वाक्यात. उलट कर. मधे दोघीजणी सोडून गेल्या, त्याला बॅक आउट म्हणतात. तू वर्गाला चिकटून राहिलीस, ते स्टिक विथ. मुलांची परीक्षा होईपर्यंत नेलंस, ते सी इट थ्रू. ‘टू व्हॉलंटिअर्स बॅक्ड आउट; आय सॉ द क्लास थ्रू टु द एक्झाम.’ यात गुण सांगणारं एकही विशेषण नाही, आणि वाचणाऱ्याला तू दिसतेस. माणसाची साथ न सोडणं ते स्टँड बाय, ठरलेल्या बेताला धरून राहणं ते स्टिक टू. बॅक डाउन मात्र बॅक आउटपेक्षा निराळं हं. आउट म्हणजे कबूल केलेल्या गोष्टीतून अंग काढणं, डाउन म्हणजे वादात किंवा मागणीत माघार घेणं.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण तुला टोचते आहे ते मला माहीत आहे. केमिस्ट्री सोडून तू समाजकार्याकडे वळलीस. मुलाखतीत त्यावर बोट ठेवलं जाईल आणि तू घाबरून स्वतःलाच इनकन्सिस्टंट म्हणून बसशील. तसं करू नकोस, राणी. फ्लेक्सिबल हा कमिटेडचा विरुद्धार्थी नाही. त्या रविवारच्या वर्गानेच तुला इकडे आणलं, मग लपवायचं कशाला? ‘आय रिकन्सिडर्ड’ म्हण, म्हणजे विचारपूर्वक दिशा बदलली, आणि लगेच पुढच्या वाक्यात त्या वर्गाचं सांग. आवाज खाली आणू नकोस, आणि सॉरी तर मुळीच म्हणू नकोस.