चांगली बॅटरी कोणती?

रात्रीच्या वेळी तुम्ही कधी शेताच्या वाटेने गेला आहात का? शहरात रस्त्यावर दिवे असतात. खेड्यात मात्र शेवटचे घर मागे पडले की अंधार सुरू होतो. अशा वेळी हातात एक छोटीशी वस्तू हवी असते. पुस्तकात तिला 'विजेरी' म्हणतात, दुकानात 'टॉर्च' म्हणतात. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मात्र सगळे तिला 'बॅटरी' म्हणतात. मशाल आणि कंदील हे शब्द तर तुमच्या ओळखीचेच आहेत. उर्दूतही तेच शब्द आहेत. बॅटरी ही त्या दोघांची धाकटी बहीण समजा.

आमच्या शाळेत दहावीचा एक विद्यार्थी सहा किलोमीटरवरच्या खेड्यातून सायकलने येतो. जादा तास संपेपर्यंत साडेसहा वाजतात. पावसाळ्याच्या शेवटी त्याच्या वडिलांनी आठवडी बाजारातून त्याला एक बॅटरी आणून दिली. खोक्यावर ठळक अक्षरांत '१०,००० लुमेन' असे छापले होते. दोन छोट्या सेलांवर चालणारी ती बॅटरी पहिल्या रात्री झगझगीत लागली. घरच्यांना आनंद झाला.

चौथ्या दिवशी अर्ध्या वाटेत तिचा उजेड पिवळा पडला आणि मग विझला. मुलगा सायकलवरून उतरून चालू लागला. इतक्यात समोरून कुकरच्या शिट्टीसारखा लांब आवाज आला. तो जागीच थांबला आणि हळूहळू चार पावले मागे सरकला. थोड्या वेळाने मागून एक ट्रॅक्टर आला. त्याच्या दिव्यात दिसले, की वाटेच्या मधोमध एक घोणस वेटोळे घालून बसली आहे. मुलगा शहाणा म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी त्याने ती बॅटरी माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारले, "सर, मग चांगली बॅटरी कोणती?"

त्याच्या प्रश्नाचे उत्तर आपण सगळे मिळून शोधू या.

खोक्यावरचा आकडा

दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो, हे 'लुमेन' या मापाने सांगतात. एका मेणबत्तीचा उजेड सुमारे १२ लुमेन असतो. पूर्वी घरात ४० वॅटचा तारेचा बल्ब असे, त्याचा उजेड सुमारे ४०० लुमेन असे. म्हणजे १०,००० लुमेन म्हणजे असे पंचवीस बल्ब झाले! ते दोन बोटांएवढ्या सेलांवर चालतील का?

हिशोब करून पाहा. आजच्या बॅटरीत एलईडी दिवा असतो. तो एका वॅटमध्ये साधारण १०० लुमेन उजेड देतो. म्हणून १०,००० लुमेनसाठी १०० वॅट लागतील. दोन छोट्या सेलांत मिळून सुमारे ५ वॅट-तास ऊर्जा असते. ती तीन मिनिटांत संपेल. याउलट, १०० लुमेनच्या दिव्याला एकच वॅट लागतो. तेच सेल त्याला चार-पाच तास पुरतील. आकडा मोठा म्हणजे बॅटरी चांगली, असे मुळीच नाही.

'उजेड २०० मीटर जातो' असेही लिहिलेले असते. त्याचाही अर्थ समजून घ्या. मोजण्याच्या प्रचलित पद्धतीनुसार त्या अंतरावर फक्त पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड उरतो. अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. पाच मीटरवर जो खड्डा स्पष्ट दिसतो, तो दहा मीटरवर चौपट अंधुक दिसतो.

आपल्याला किती उजेड लागतो?

तुम्ही सायकलवर ताशी १५ किलोमीटर वेगाने चालला आहात असे समजा. म्हणजे एका सेकंदात तुम्ही चार मीटरपेक्षा थोडे जास्त पुढे जाता. समोर दगड दिसला की ब्रेक दाबेपर्यंत एक-दीड सेकंद जातो. मग सायकल थांबायला आणखी तीन-चार मीटर लागतात. एकूण आठ-दहा मीटर झाले. कच्च्या वाटेवर थोडे अधिक धरा. तेव्हा पंधरा-वीस मीटरपर्यंत रस्ता नीट दिसला, तर तुमचे काम झाले. त्याला १०० ते २०० लुमेन पुरतात. पण तो उजेड घरी पोहोचेपर्यंत टिकला पाहिजे, हे विसरू नका.

पायी चालणाऱ्याला तर पाऊल पडते तिथला उजेड सर्वांत महत्त्वाचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप आपल्याकडे अनेकांचे प्राण घेतात. मण्यार रात्रीच फिरते. शेतीपंपाला वीज रात्री मिळाली, की शेतकरी अंधारातच बांधावर जातो. त्याच्या पायापुढे पसरट उजेड हवा, आकाशाकडे जाणारा झोत नको. साप चावलाच, तर जखम कापू नये आणि घट्ट दोरी बांधू नये. चावलेला भाग हलवू नये. १०८ क्रमांकावर फोन करून ताबडतोब सरकारी रुग्णालयात जावे.

सेल कोणते?

बॅटरीची किंमत एकदाच द्यावी लागते, सेलांची पुन्हा पुन्हा. समजा, एक बॅटरी १५० रुपयांची आहे. तिला दर महिन्याला ४० रुपयांचे सेल लागतात. वर्षभरात सेलांचे ४८० रुपये झाले, म्हणजे एकूण ६३० रुपये. दुसरी बॅटरी चार्जिंगची आहे आणि ४०० रुपयांना मिळते. आता स्वस्त कोणती, ते तुम्हीच सांगा.

पण चार्जिंगच्या बॅटरीतही प्रकार आहेत. काही बॅटऱ्यांत शिसे आणि आम्ल असलेला जड घट असतो. तो रिकामा ठेवला की खराब होतो. म्हणून अशी बॅटरी वापरली की लगेच चार्ज करावी. काहींत लिथियमचा सेल असतो. त्यातल्या एका प्रकारावर '१८६५०' असे लिहिलेले असते. म्हणजे जाडी १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर. त्याची क्षमता साधारण २,००० ते ३,५०० मिलिॲम्पिअर-तास असते. कुणी त्यावर '९,९००' लिहिले असेल, तर तो आकडा खोटा आहे असे खुशाल समजा. लिथियमचा सेल फुगला किंवा चेपला, तर वापरू नका. तो चार्जिंगला लावून झोपूही नका.

जिथे वीज वारंवार जाते, तिथे साध्या सेलांची बॅटरी बरी. तिचे सेल कोणत्याही किराणा दुकानात मिळतात. मोबाइलचा दिवा मात्र अडचणीपुरताच वापरा. मोबाइल संपला, तर मदतीला फोन कशाने कराल?

दुकानात काय पाहाल?

भर दुपारी दुकानात कोणतीच बॅटरी नीट पारखता येत नाही. दुकानदाराला नम्रपणे विचारून अंधाऱ्या कोपऱ्यात भिंतीवर उजेड पाडून बघा. मध्ये उजळ ठिपका आणि भोवती मंद पसरट उजेड असेल, तर ती रस्त्याला चांगली. बटण दहा वेळा दाबा. बॅटरी चालू ठेवून हलवा. उजेड लुकलुकला, तर आतली पट्टी किंवा स्प्रिंग सैल आहे. झाकणाला रबराची चकती आहे का, तेही पाहा. ती नसेल, तर पावसाचे पाणी आत जाईल.

सायकलवर कशी लावाल?

बॅटरी एका हातात धरून सायकल चालवू नका. एका हाताने नीट ब्रेक लागत नाही. जुन्या ट्यूबची पट्टी कापून बॅटरी हँडलला घट्ट बांधा. तोंड थोडे खाली ठेवा, म्हणजे समोरून येणाऱ्याचे डोळे दिपणार नाहीत. लुकलुकणारा पांढरा दिवा पुढे लावू नका. मागे मात्र लाल दिवा किंवा निदान लाल परावर्तक हवाच. पुढच्या दिव्याने आपल्याला रस्ता दिसतो, मागच्या लाल खुणेने ट्रकवाल्याला आपण दिसतो. दोन्ही सारखेच गरजेचे आहेत. पूर्वी सायकलला डायनामो असे. चाक फिरेल तोवर दिवा लागे आणि सायकल थांबली की विझे.

बॅटरी काय करू शकत नाही?

आपल्या जिल्ह्यात टिपेश्वरचे अभयारण्य आहे. २०१६ ते २०१८ या काळात पांढरकवडा आणि राळेगाव भागात वाघाच्या हल्ल्यांत तेरा जणांचे बळी गेल्याचे सांगितले गेले. 'टी-१' किंवा 'अवनी' नावाने ओळखली जाणारी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटी गावाजवळ गोळीने मारली गेली. त्या दिवसांत एकट्याने शेतात जायची कुणाची छाती होत नसे. बॅटरीच्या उजेडात रोह्याचे, रानडुकराचे डोळे चमकतात आणि आपण वेळीच सावध होतो. पण बॅटरी म्हणजे ढाल नव्हे. जंगलालगतच्या वाटेने रात्री एकट्याने जाऊ नये. सोबत असावी, मोठ्याने बोलत जावे आणि घरी सांगून निघावे.

आमच्या त्या विद्यार्थ्याने पुढच्या बाजारात स्वतः बॅटरी निवडली. तिच्या खोक्यावरचा आकडा फक्त १५० होता. दुकानदार म्हणाला, "बेटा, ही मोठी बघ, ५,००० ची आहे!" मुलगा हसून म्हणाला, "चाचा, मला पाच हजारांचं काम नाही. मला सहा किलोमीटर जायचंय."

शब्दार्थ

विजेरी – टॉर्च, बॅटरी
वेटोळे – शरीराचा गोल विळखा
परावर्तक – उजेड पडताच चमकणारी वस्तू
दिपणे – तीव्र उजेडाने डोळ्यांसमोर काही न दिसणे
रोही – नीलगाय
छाती होणे – धाडस होणे

स्वाध्याय

१. मुलगा सापापासून कसा वाचला?
२. १०,००० लुमेनचा आकडा खोटा का वाटतो? हिशोब करून सांगा.
३. 'बॅटरी म्हणजे ढाल नव्हे' असे लेखकाने का म्हटले आहे?
४. तुमच्या घरातली बॅटरी रात्री चालू करून किती वेळ पुरते ते घड्याळ लावून पाहा आणि वहीत लिहा.