तरुणांची पाठराखण

कठोपनिषदाचा आरंभ एका पोराच्या प्रश्नाने होतो, ही गोष्ट आपल्या मंडळींनी नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. वाजश्रवसाने यज्ञ केला, सर्वस्व दान देण्याचा संकल्प सोडला, आणि प्रत्यक्षात दिल्या त्या गाई कशा? ज्यांचे पाणी पिऊन झाले, गवत खाऊन झाले, दूध देऊन झाले, अशा थकलेल्या गाई. मुलगा जवळच उभा होता. त्याला वाटले, हे काही खरे नव्हे. तो बापाला विचारतो, मला कोणाला देणार? एकदा विचारले, दोनदा विचारले, तीनदा विचारले. बाप चिडला आणि म्हणाला, तुला मृत्यूला दिला. आपल्या घराघरांतून आजही हेच चालते. पोराने रास्त प्रश्न करावा आणि बापाने 'जा मर' म्हणून मोकळे व्हावे.

पण श्रुती पुढे काय सांगते ते पाहा. नचिकेता यमाच्या दारी गेला तेव्हा यम घरी नव्हता. तीन रात्री पोरगा उपाशी बसून राहिला. यम परतला आणि त्याने काय केले? त्या पोराला नमस्कार केला, आणि तीन रात्री उपास घडला म्हणून तीन वर दिले. साक्षात यमधर्म, ज्याच्या नावाने सारे जग कापते, तो एका मुलाची भरपाई करतो! आणि मुलाने पहिला वर कोणता मागावा? बापाचा राग शांत व्हावा, तो माझ्याशी पूर्वीसारखा बोलावा. ज्या पोरांना आपण उद्धट म्हणतो त्यांच्या पोटात बहुधा हेच असते. ते वर येऊ देणारे कोणी भेटत नाही इतकेच.

तिसऱ्या वराला मात्र यमाने लगेच मान डोलावली नाही. हत्ती घे, घोडे घे, दीर्घ आयुष्य घे, पण हे विचारू नकोस, असे म्हणून त्याने पोराला कसाला लावले. पोरगा ढळला नाही तेव्हा, तुझ्यासारखा विचारणारा आम्हांस मिळावा, असे म्हणाला आणि विद्या दिली. म्हणजे यमाने पोराचे लाड केले नाहीत आणि त्याला हिडीसफिडीसही केले नाही. आधी मान दिला, झालेली चूक भरून दिली, मग पारखले आणि मगच हाती काही दिले. हल्ली ज्याला युवक-विकासाचे कार्य म्हणतात त्याची रीत श्रुतीने अशी फार पूर्वीच घालून दिली आहे. आपल्या साध्या बोलीत आम्ही याला पाठराखण म्हणतो. मिसरूड फुटल्यापासून संसाराला लागेपर्यंत, आणि मुलीच्या बाबतीत न्हातीधुती झाल्यापासून आपल्या पायावर उभी राहीपर्यंत, जो काळ असतो त्या काळात पाठीशी कोणी असणे आणि वेळ आली तर त्या लेकराची बाजू चारचौघांत मांडणे, असे हे दुहेरी काम आहे. पहिले काम थोडेफार होते. दुसरे होत नाही.

आता कोणी म्हणेल, वारकऱ्याचा याच्याशी काय संबंध? तर अहो, आपला संप्रदाय उभाच मुळी तरुणांच्या खांद्यावर आहे. रूढ मताप्रमाणे माउलींचा जन्म शके ११९७ चा आणि ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. वजाबाकी करून पाहा. नेवाशाला ती सभा बसली तेव्हा सांगणारा पंधरा वर्षांचा आणि ऐकणारे पिकल्या केसांचे. नवव्या अध्यायाच्या आरंभी माउली श्रोत्यांकडे लडिवाळपणे अवधान मागतात, ते उगीच नव्हे. अवधान ही वडीलधाऱ्यांनी तरुणाला द्यावयाची पहिली वस्तू आहे, आणि ती द्यायला पैसा लागत नाही. थोरला भाऊ निवृत्तिनाथ, तो तरी असा काय मोठा होता? दोन वर्षांनी वडील. पण त्याने आज्ञा केली, पाठीवर हात ठेवला, म्हणून ग्रंथ झाला.

उलट बाजूही पाहावी. आईबापांनी देह ठेवल्यावर त्या चार लेकरांना शुद्धिपत्रासाठी पैठणापर्यंत पायपीट करावी लागली. मुक्ताईला मांडे भाजायला परळ मिळू नये अशी तजवीज विसोबा चाटीने केली, ही कथा आपण सारे कीर्तनात सांगतो आणि श्रोते हळहळतात. पण कथा तिथे संपत नाही. तोच विसोबा पुढे शरण आला, विसोबा खेचर झाला, आणि नामदेवरायांना त्याच्याकडून उपदेश मिळाला. पोरांचा वाट अडवणारा माणूस बदलू शकतो, हा त्यातला अर्थ आम्हांस चमत्कारापेक्षा मोलाचा वाटतो. आणि मुक्ताबाई तर सर्वांत धाकटी. रुसून ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवाला तिने समजावले आणि त्याने ऐकले. मोठ्याने धाकट्या बहिणीचे ऐकावे, याला आजही गावोगाव कमीपणा मानतात!

अलीकडचा दाखला घ्यावयाचा तर वैकुंठवासी विष्णुबुवा जोग महाराजांचा घ्यावा. जन्म १८६७ चा. तारुण्य तालमीत गेलेले, आजन्म ब्रह्मचारी. १९१७ साली गुढीपाडव्याला आळंदीत त्यांनी वारकरी शिक्षण संस्था काढली. त्यापूर्वी गाथा-ज्ञानेश्वरी शिकावयाची तर एखाद्या फडावर राहून, मिळेल तेव्हा, मिळेल तसे. जोग महाराजांनी क्रम लावला, चार वर्षांचा अभ्यास आखला, माधुकरी मागून राहावे आणि शिकावे अशी रीत घातली. शेतकऱ्याच्या पोराला वेदान्ताची प्रक्रिया शिकण्याची दारे उघडली. यात मोठी गोष्ट कोणती? १९२० साली महाराज गेले तेव्हा संस्था अवघी तीन वर्षांची होती. कितीतरी संस्था अशा वेळी कर्त्या पुरुषाबरोबर जातात. ही राहिली, शंभरी ओलांडून गेली, कारण महाराजांनी ती हयातीतच तरुणांच्या हाती दिली होती. सोनोपंत दांडेकर १८९६ चे; म्हणजे संस्था निघाली तेव्हा जेमतेम विशी ओलांडलेले, महाविद्यालयात शिकणारे. पुढे ते प्राचार्य झाले आणि संप्रदायाचे धुरीणही झाले. जोग महाराजांनी त्या पोराला 'आधी मोठा हो, मग बघू' असे म्हटले असते तर?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसवणारे वसतिगृह उभे केले. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडले. भाऊराव काही वारकरी नव्हते, पण गाडगेबाबांचे आणि त्यांचे मेतकूट होते, आणि गाडगेबाबा आपल्या कीर्तनांतून काय सांगत फिरले ते जुन्या माणसांना ठाऊक आहे: भांडी विकावी लागली तरी विका, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला.

असो. आता आपल्या मांडवात येऊ. सप्ताह बसतो तेव्हा तरुणांच्या वाट्याला काय येते? मांडव घालणे, सतरंज्या अंथरणे, पंगतीत बुंदी वाढणे. निर्णयाच्या बैठकीला मात्र त्यांना कोणी बोलवीत नाही. मग 'पोरे इकडे फिरकत नाहीत' ही तक्रार. फिरकतील कशाला? हमाली करायला? आमच्या पाहण्यात एका गावी मंडळींनी सप्ताहाचा जमाखर्च बारावीच्या एका मुलाकडे आणि त्याच्या मैत्रांकडे दिला. त्यांनी रोजची वर्गणी आणि रोजचा खर्च फळ्यावर लिहायला सुरुवात केली. दोन-तीन जुनी मंडळी जरा अस्वस्थ झाली, हे खरे! पण वर्गणी वाढली, आणि पुढल्या वर्षी काकड्याला पंधरा-वीस पोरे आपणहून आली.

विणेच्या पहाऱ्याचेही तसेच. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, हा आपला नेम. रात्री दोन ते चारचा पहारा म्हाताऱ्यांना जड जातो. तो सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला द्यावा, आणि पहिल्या रात्री एखाद्या जाणत्याने त्याच्याजवळ बसावे. दुसऱ्या रात्री बसू नये. दोन तास एकट्याने वीणा सांभाळलेल्या पोराला जबाबदारी म्हणजे काय हे प्रवचनात सांगावे लागत नाही. मुलींनाही पहारा द्यावा. त्यांची पाळी दिवसाची ठेवावी किंवा घरची माणसे सोबत असावी. मुलीच्या हाती वीणा नको म्हणणाऱ्यांनी मुक्ताबाई-जनाबाईंची नावे कोणत्या तोंडाने घ्यावी ते आम्हांस कळत नाही.

येथवर सोपे आहे. अवघड पुढे आहे. चारचौघांत पोराची बाजू मांडण्याची वेळ येते तेव्हा माळकरी माणूससुद्धा 'आपल्याला काय करायचे' म्हणून उपरण्याने तोंड पुसतो. मुलीचे लग्न हा त्यातला मोठा प्रसंग. बीडकडे आणि आसपासच्या जिल्ह्यांत ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पुष्कळ. तिथे उचल मिळते ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. सहा महिने आईबाप कारखान्यावर, मागे वयात आलेली पोरगी ठेवायची कोणाजवळ, ही धास्ती. आणि लग्न लावले की एक कोयता वाढतो, हा हिशेब. म्हणून तेराव्या-चौदाव्या वर्षी पोरगी उजवतात. बापाला शिव्या घालून हे थांबत नाही. त्याची धास्ती खरी असते. मुलीच्या राहण्याची सोय दाखवली तर बोलण्यात जोर येतो. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ पासून शासनाची वसतिगृह योजना आहे, आणि तिला नाव आहे भगवानगडाच्या भगवानबाबांचे, आपल्याच माळकरी परंपरेतले. तिथली जागा मिळवून देण्यासाठी तालुक्याला दोन खेपा घालणे, हे काम फडावरच्या मंडळींनी करावे.

आणि आम्हा कीर्तनकारांसाठी एक गोष्ट. लग्नपत्रिकेत शुभाशीर्वाद म्हणून महाराजांची नावे छापण्याची चाल आहे. वधूच्या शाळेचा किंवा जन्माचा दाखला पाहिल्याखेरीज नाव छापू देऊ नये. २००६ च्या कायद्याप्रमाणे मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस वर्षे पुरी हवीत. लग्न लावणारा आणि त्याला हातभार लावणारा दोघेही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड यांस पात्र आहेत. पण भीती कायद्याची नको. ज्या पोरीने हरिपाठात आपल्यापुढे टाळ धरला तिच्या अक्षता आपणच टाकायच्या, आणि तिचे वय चौदा, याचा विचार करावा. समजावून थांबत नसेल तर १०९८ या क्रमांकावर कळवावे. तो बालकांच्या मदतीसाठीच आहे, रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत.

आता घरचीच गोष्ट. लिहिताना जड जाते, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आळंदीत आणि इतर क्षेत्री मुलांना निवासी ठेवून घेणारे खाजगी वर्ग निघाले आहेत. त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी जीव लावून शिकवतात. परंतु अलीकडच्या वर्षांत काही ठिकाणांविषयी लहान मुलांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी पोलिसांपर्यंत गेल्या. अशा वेळी 'संप्रदायाची बदनामी होईल' म्हणून झाकपाक करू पाहणारा माणूस संप्रदायाचा वैरी समजावा. २०१२ चा बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा सांगतो, की असे काही घडल्याचे कळले तर पोलिसांना कळवणे हे कळलेल्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे. न कळवणे हाही गुन्हा. आपल्या शास्त्राला हे नवे नाही. तैत्तिरीय उपनिषदात शिष्य घरी निघतो तेव्हा आचार्य त्याला स्पष्ट बजावतात, की आमची जी चांगली कृत्ये असतील तेवढीच उचल, इतर नको. गुरूचे वागणे पारखण्याचा अधिकार गुरूनेच शिष्याला दिलेला आहे. तेव्हा महाराजांविषयी पोर काही सांगू लागले तर 'महाराजांबद्दल असे बोलतोस?' म्हणून तोंडात मारू नये. ऐकावे.

मुलाला ठेवण्यापूर्वी आईबापांनी जागा स्वतः पाहावी. निजायची सोय कशी, मुले किती आणि बघणारी माणसे किती, आजारी पडल्यास नेतात कुठे, घरी फोन केव्हाही करता येतो का. फोनला बंदी असेल तर तिथून पोर परत आणावे. आणि शाळा सुटता कामा नये. गाथा पाठ करणारे पोर दहावी नापास राहावे, असे तुकोबारायांनी कुठे सांगितलेले नाही.

आमच्या काही कीर्तनकार बंधूंनाही हात जोडून विनंती आहे. पोरींच्या कपड्यांवर आणि पोरांच्या मोबाइलवर विनोद करून तासभर हशा पिकवणे फार सोपे असते. समोर बसलेली पोरे त्या हशात हसतात, आणि पुढल्या वर्षी येत नाहीत. कोणा पोराचे लग्न जमत नाही, कोणी भरतीच्या तयारीत वर्षे घालवून रिकाम्या हाती परतला आहे, कोणाच्या घरी जमिनीचा वाद आहे. त्याला फेटा उडवणारा विनोद नको असतो. कीर्तन झाल्यावर देवळाच्या पायरीवर अर्धा तास बसावे, कोण रेंगाळतो आहे ते पाहावे आणि त्याला आधी बोलू द्यावे.

आषाढीची पायी वारी निघते त्या सुमारासच शाळा उघडतात. तेव्हा दिंडी चालकांनी यंदा निघण्यापूर्वी एक वही घालावी. अठराच्या आतील प्रत्येक मुलामुलीचे नाव, गाव, आईबापांचा क्रमांक, आणि वाटेत त्याच्याकडे बघणाऱ्या माणसाचे नाव त्यात लिहावे. मुलींसाठी तो माणूस बाई असावी. मुक्कामाच्या तंबूत ही मुले कुठे निजतात ते रोज रात्री हजेरी घेऊन पाहावे. शेवटच्या रकान्यात शाळेत परत जाण्याची तारीख लिहावी, आणि एकादशीला चंद्रभागेचे स्नान व कळसाचे दर्शन झाले की पौर्णिमेच्या काल्यापर्यंत न थांबता ज्यांची तारीख आली त्यांना जबाबदार माणसाबरोबर गाडीत बसवून द्यावे.