प्रवाहातील सावध शिकारी

मेहरूण म्हटले की गोड बोरे आठवतात आणि आठवतो तेथील तलाव. तलावाच्या संथ पाण्यात माशाला अन्न शोधीत हिंडावे लागते. परंतु गिरणेसारख्या नदीच्या खळाळत्या पाण्यात काही मासे एकाच जागी स्थिर दिसतात. ते आळशी आहेत, असे मात्र समजू नका!

असा मासा दगडाच्या आडोशाला, जेथे पाण्याची ओढ कमी असते तेथे, प्रवाहाकडे तोंड करून राहतो. शेजारच्या वेगवान धारेतून किडे व त्यांच्या अळ्या वाहत येतात. मासा त्यांचीच वाट पाहत असतो.

या कामी त्याचे डोळे उपयोगी पडतात. माशाच्या डोळ्यातील भिंग मण्यासारखे वाटोळे असते. जवळचे वा दूरचे नीट दिसावे, म्हणून ते पुढेमागे सरकते. मोठा किडा दुरून दिसतो. बारीक अळी मात्र अगदी जवळ आल्यावरच दिसते. माशाला बाहेरचे जग डोक्यावरील एका गोल झरोक्यातून दिसते. त्या झरोक्यापलीकडे पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा भासतो. याच झरोक्यातून त्याला पाण्यावर पडलेला किडा दिसतो आणि झडप घालणारा खंड्याही!

भक्ष्य दिसताच क्षणात निर्णय घ्यावा लागतो. उशीर झाला तर प्रवाह ते वाहून नेतो. फार दूर धावावे, तर मिळालेल्या अन्नापेक्षा खर्च झालेली शक्तीच अधिक ठरते. म्हणून मासा बेताचीच धाव घेतो, एकदम तोंड उघडून पाण्यासह भक्ष्य आत ओढतो आणि लगेच आपल्या जागी परततो. चुकून काडी वा कचरा तोंडात आला, तर तो थुंकून टाकतो.

परंतु ही सारी शिकार स्वच्छ पाण्यावर अवलंबून आहे. पाणी गढूळ झाले की माशाची दृष्टी दूरवर पोहोचत नाही. मिशा असलेले काही मासे स्पर्शाने व चवीने अन्न शोधतात. पण डोळ्यांवर विसंबणाऱ्या माशाची मोठी अडचण होते. अन्न जवळून वाहत जाते, तरी तो उपाशी राहतो!

पावसाळ्यातील गढूळपणा काही काळाने निवळतो. मनुष्याने नदीत सोडलेली घाण मात्र आपोआप थांबत नाही. काठावर राहणाऱ्यांनी नदी निर्मळ राखली, तरच त्या मुक्या जीवाला आपला घास दिसेल.