टॉमकॅट इन्स्टॉल करताय? आधी या चार गोष्टी बघा

तुमचं बिलिंग-स्टॉकचं सॉफ्टवेअर 'वॉर' फाईलमध्ये मिळालं असेल, तर ते चालवायला लिनक्सवर टॉमकॅट टाकता येतो. तो फुकट आहे. स्टेप्स व्हिडिओत आहेत, ही चेकलिस्ट:

१. डेव्हलपरला व्हर्जन विचारा. टॉमकॅट ९ चं सॉफ्टवेअर १० वर जसंच्या तसं चालत नाही. १०.१ ला किमान जावा ११ लागतं.

२. रूट युजरने चालवू नका, वेगळा युजर बनवा. कोणी घुसलाच, तर अख्खा सर्व्हर सहज त्याच्या हाती जाणार नाही.

३. सिस्टमडी सर्व्हिस बनवून 'एनेबल' करा. लाईट जाऊन आली, मशीन चालू झालं, की टॉमकॅटही आपोआप सुरू.

४. ८०८० पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. मॅनेजर अ‍ॅप लागत नसेल तर काढूनच टाका. त्याचा पासवर्ड फुटला तर कोणीही आपला प्रोग्रॅम चढवेल.

उधारीचा सगळा हिशोब यातच असतो. गल्ल्याला कुलूप लावता ना? मग यालाही लावा!