घर किती फुटाला बुडतं?

सांगलीत राहायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट आग्रहाने सांगतो: पहिला पावसाळा भाड्याच्या घरात काढा. कर्ज मंजूर झालेलं असो, बिल्डर सासऱ्यांच्या ओळखीचा असो, दसऱ्यानंतर भाव वाढणार असं कुणी बजावत असो, तरीही काढा.

आम्ही 2019 च्या उन्हाळ्यात पुण्याहून इथे आलो. पत्नीला मिरजेत नोकरी मिळाली, मला सांगलीत. दोघांचे पगार मिळून पुण्यापेक्षा बरेच कमी होणार होते, पण लहान शहरात खर्चही त्याच मानाने उतरतो असं सगळेच सांगत होते. गावभागात एका जुन्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. मंडई हाकेच्या अंतरावर, कृष्णेचा घाट जवळ, शेजार प्रेमळ. तळमजल्यावर घरमालक काका-काकू.

जुलै संपता संपता काका रोज सकाळी एकच आकडा विचारू लागले. "बातम्यांत काय सांगतात ते राहू द्या, आयर्विनला किती फूट आहे ते बघा." आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट धोका पातळी. त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आम्ही दोन बॅगा आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन विश्रामबागला नातेवाइकांकडे निघून गेलो. काका-काकूंचं मात्र सगळं आयुष्य त्या तळमजल्यात होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे मिळून गाळ काढत होतो, तेव्हा भिजून फुगलेली कपाटं, बंद पडलेला फ्रिज, भिंतींना आलेली ओल आणि धान्याच्या कोठीतला वास हे सगळं पाहिलं. भाडेकरू दुसरीकडे जाऊ शकतो. मालकाला तिथेच राहावं लागतं, आणि त्याच घरावर कर्ज असेल तर हप्ताही थांबत नाही.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा किती खोल्या, किती चौरस फूट हे नंतर विचारा. आधी विचारा, हे घर आयर्विनच्या किती फुटाला बुडतं? जुन्या सांगलीकराला हा प्रश्न नीट कळतो आणि तो उत्तरही देतो: अमुक फुटाला गल्लीच्या तोंडाशी येतं, तमुक फुटाला उंबऱ्याला लागतं. एजंटाच्या उत्तरावर थांबू नका. कोपऱ्यावरचा औषधवाला, पेपर टाकणारा, समोरच्या घरातली आजी, सगळ्यांना विचारा. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी पाणी कुठवर आलं, हे त्यांना तोंडपाठ असतं. मग महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम निषिद्ध असतं आणि दोन रेषांमधल्या पट्ट्यात अटी असतात. आणि 2019 नंतर पुढचा मोठा पूर दोनच वर्षांत आला, हे विसरू नका. "आता काय पुन्हा येतोय" हे वाक्य मी 2020 मध्ये फार जणांकडून ऐकलं.

पुरानंतर आम्ही विश्रामबागेच्या पुढे, मिरज रस्त्याच्या बाजूला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. भाडं महिना 11 हजार. त्याच इमारतीतला तसाच फ्लॅट 45 लाखांना विकायला होता. एका रात्री मी वही घेऊन बसलो. 45 लाखांच्या घरावर वर्षाचं भाडं 1 लाख 32 हजार, म्हणजे किमतीच्या तीन टक्केही नाही. आता दुसरी बाजू बघा. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या दरम्यानच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के देते. म्हणजे 36 लाख कर्ज. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी हप्ता बसतो सव्वाएकतीस हजारांच्या घरात. उरलेले 9 लाख आपले. शिवाय 45 लाखांवर 6 टक्के मुद्रांक शुल्क आणि अधिभार म्हणजे 2 लाख 70 हजार, नोंदणी फी 30 हजार. हे तीन लाख बँक घराच्या किमतीत धरत नाही, ते रोख उभे करावे लागतात. म्हणजे फर्निचर, वीजमीटर, वकील धरण्याआधीच 12 लाख रुपये हातात हवेत, आणि वर महिन्याला भाड्याच्या जवळजवळ तिप्पट हप्ता.

हप्ता घरात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त असू नये, असं मी मानतो. सव्वाएकतीस हजारांच्या हप्त्याला त्या हिशेबाने 94 हजारांचा पगार लागतो. सांगलीत खासगी नोकरी करणाऱ्या किती घरांत एवढे पैसे येतात? माझ्या ओळखीत फार थोड्या.

मग हे फ्लॅट घेतं कोण? मला बराच काळ हे उमगत नव्हतं, कारण मी फक्त पगारदारांकडे बघत होतो. तासगावकडचे द्राक्ष बागायतदार मुलांच्या शिक्षणासाठी शहरात घर घेतात. खानापूर-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक देशभर सोन्या-चांदीचं काम करतात आणि कमाई गावाकडच्या जमिनीत, घरात घालतात. पुण्यात, परदेशात नोकरी करणारी मुलं आईवडिलांसाठी घेऊन ठेवतात. त्यांचा कष्टाचा पैसा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण इथल्या घरांचा भाव त्या पैशाने ठरतो, आणि शाळेतल्या शिक्षिकेचा किंवा दुकानातल्या हिशेबनिसाचा पगार इथल्या बाजाराने. भाडं मात्र याच पगारदाराला परवडेल तेवढंच राहतं. म्हणूनच लहान शहरात घाई करणाऱ्यापेक्षा थांबणाऱ्याचा फायदा होतो. भाड्यात आणि हप्त्यात उरणारे वीस हजार आम्ही दरमहा बाजूला टाकत गेलो.

फ्लॅट परवडत नाही म्हटल्यावर माणूस प्लॉटकडे वळतो, आणि इथे सगळ्यात जास्त जपायला हवं. सांगलीत गुंठेवारी फार मोठी आहे. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याचे तुकडे, मंजूर रेखांकन नाही, रस्ता कागदावर एक आणि जागेवर दुसरा. शामरावनगरसारख्या सखल भागात पाऊस थांबल्यावरही पाणी हटत नाही. आम्हाला दाखवलेला प्लॉट कोरडा होता, भाव बसणारा होता, आणि विकणाऱ्याने कागद पूर्ण असल्याचं सांगून इसार घेतला. बँकेच्या वकिलाने फाइल उघडली तेव्हा कळलं की मधला एक व्यवहार नुसत्या नोटरी केलेल्या साठेखतावर झालेला होता, खरेदीखत नव्हतंच. कर्ज नाकारलं गेलं. इसाराचे पैसे थोडे थोडे करत, फार उशिरा परत मिळाले, कारण पावतीवर 'कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत' अशी ओळ नव्हती. ही ओळ तुमच्या पावतीवर असलीच पाहिजे. त्याहून बरं म्हणजे इसार देण्याआधीच आपल्या वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. प्लॉट गुंठेवारीतला असेल तर तो नियमित झाल्याचं महापालिकेचं प्रमाणपत्र मागा. "अर्ज केलाय, होऊन जाईल" यावर पैसे देऊ नका.

नव्या इमारतीत घर घेत असाल तर महारेराचा क्रमांक विचाराच, पण लहान शहरात तो नसण्याची शक्यता खूप. 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा आठ फ्लॅटपर्यंतच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही, आणि इथल्या कितीतरी इमारती तेवढ्याच असतात. कायद्याचं ते छत्र नसेल, तर मंजूर नकाशा आणि बांधकाम परवाना स्वतः बघायला हवा. बोलताना सांगितलेला आकडा बहुतेक वेळा बिल्टअपचा असतो, टेप घेऊन आतलं मोजा. आठ फ्लॅटच्या इमारतीत लिफ्ट बिघडली की खर्च आठच घरांत वाटला जातो, हेही हिशेबात धरा.

रोजच्या खर्चाचं थोडक्यात सांगतो. भाजी, दूध, घरकामाच्या मावशी, बाहेरचं जेवण, हे सगळं पुण्यापेक्षा खरंच स्वस्त. गॅस, पेट्रोल, मोबाइल, आरोग्यविमा यांचा भाव इथेही जवळजवळ तोच, फक्त तो कमी पगारातून द्यायचा. चांगल्या इंग्रजी शाळेची फी आमच्या अंदाजापेक्षा जास्त निघाली. बसच्या वेळा नोकरीच्या वेळांशी जुळत नाहीत, त्यामुळे दोघांना दोन दुचाकी घ्याव्याच लागल्या. मिरजेत दवाखाने उत्तम आहेत, तो खर्च मात्र खरोखर वाचला, कारण आईला उपचारासाठी पुण्याला न्यावं लागलं नाही.

भाड्याने राहताना करार नोंदवून घ्या. महाराष्ट्रात भाड्याचा लेखी करार नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर आहे, पण तो टाळत असेल तर अर्धा खर्च आपण उचलू असं सांगून बघा. आमचं काम तसंच झालं.

शेवटी आम्ही जे घर घेतलं ते जुनं, पहिल्या मजल्यावरचं, भोगवटा प्रमाणपत्र असलेलं. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो: एरवी 5 टक्के, आणि महानगरांबाहेर 45 लाखांपर्यंतच्या, 90 चौरस मीटर चटईक्षेत्राच्या आतल्या घरावर 1 टक्का. आमच्या घरावर तो लागला नाही. खरेदीखत एकट्या पत्नीच्या नावावर केलं, म्हणून मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळाली. या वाचलेल्या पैशांतून आधी घराचा आणि सामानाचा विमा उतरवला, आणि त्यात पुराचा समावेश आहे हे पॉलिसीवर वाचूनच सही केली. रंगाचं काम पुढच्या वर्षावर ढकललं.