काचेचे तळे

(प्रस्तुत पाठात काचेच्या पेटीतील जलवनस्पतींचे आजार आणि शेवाळ यांची माहिती दिली आहे. वरवरच्या उपायापेक्षा मूळ कारण शोधणे महत्त्वाचे असते, हे या पाठातून शिकायला मिळते.)



समजा, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची एक पेटी आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच. तुमची शाळा हिंगोलीत असो, वसमतला असो की कळमनुरीला. तुम्ही पेटीच्या तळाशी धुतलेली जाड वाळू पसरली. तळ्याच्या काठी मार्सिलिया नावाची एक लहान वनस्पती उगवते. तिच्या देठावर चार पाकळ्यांचे पान असते. ती आणून तुम्ही वाळूत लावली. ही वनस्पती तळाशी पसरत जाते आणि काही महिन्यांत हिरवा गालिचा अंथरल्यासारखा दिसतो. मग तुम्ही पेटीत गप्पी मासे सोडले. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभाग पाण्यात सोडतो, तेच हे मासे.

पहिला आठवडा आनंदात गेला. मग पाने पिवळी पडून गळू लागली. काचेवर तपकिरी थर आला. पुढे पाणीच हिरवे झाले आणि शेवाळाचे लांब धागे रोपांवर चढले. एके दिवशी सकाळी पाहता, तर दोन मासे मेलेले! बाकीचे मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. आता तुम्ही काय कराल?

कोणी म्हणेल, “शेवाळ मारण्याचे औषध टाका.” कोणी म्हणेल, “सगळे पाणी फेकून द्या.” पण जरा थांबा. ताप हा स्वतः आजार नसतो, ती आजाराची खूण असते. पेटीतले शेवाळही तसेच आहे.

शेवाळाला जगण्यासाठी काय लागते? प्रकाश, पाणी, हवेतील कार्बन डायऑक्साइड, नत्र, स्फुरद आणि पालाश. तुमच्या रोपांनाही हेच लागते. म्हणजे एकाच ताटात दोघे जेवतात. रोपे निरोगी असली, तर ती आपला वाटा घेतात आणि शेवाळाला थोडेच उरते. रोपे आजारी पडली, की सगळे ताट शेवाळाला मिळते. म्हणून शेवाळाकडे पाहण्याआधी रोपांकडे पाहा.

रोपांची पाने बोलतात. त्यांची भाषा शिकून घ्या. लावल्यावर लगेच जुनी पाने गळाली, तर घाबरू नका. ती पाने पाण्याबाहेर वाढलेली होती. पाण्याखाली वाढणारी नवी पाने वेगळी असतात. मार्सिलियाला तर पाण्याखाली कधी कधी एकाच पाकळीचे पान येते. गळालेली पाने मात्र रोज काढून टाका, कारण ती कुजून शेवाळाचे अन्न बनतात. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली, तर नत्र कमी आहे. जुन्या पानांना बारीक छिद्रे पडली, तर बहुधा पालाश कमी आहे. नवी पाने फिकट आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर लोह कमी पडते. आपल्याकडे अनेक विहिरींचे पाणी जड असते. ते उकळले, की भांड्याला पांढरा थर बसतो. अशा पाण्यात लोह असूनही रोपांना ते घेता येत नाही. देठ पसरण्याऐवजी उंच उंच जाऊ लागले, तर तळापर्यंत प्रकाश पोचत नाही.

आता ते दोन मासे का मेले, ते पाहू. दिवसा रोपे आणि शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतात. रात्री मात्र तीच प्राणवायू घेतात. मासेही घेतात. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्यातच उन्हाळा असला, तर आणखी अडचण. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशाला साडेसातच मावतो. आता अशा वेळी औषध टाकून सगळे शेवाळ एकदम मारले, तर काय होईल? मेलेले शेवाळ कुजेल आणि कुजताना उरलेला प्राणवायूही संपवील. शेवाळ जाईल, पण त्याबरोबर मासेही जातील.

मग उपाय कोणता? उपाय साधे आहेत, पण त्यांना धीर लागतो.

पहिला उपाय प्रकाशाचा. पेटी खिडकीतल्या उन्हात ठेवू नका. दिवा रोज सहा ते आठ तासच लावा. दुसरा उपाय अन्नाचा. दोन मिनिटांत मासे संपवतील एवढेच खाद्य टाका. उरलेले खाद्य म्हणजे शेवाळाची मेजवानी! तिसरा उपाय पाण्याचा. दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदला. तुमच्या पेटीत सुमारे ५० लिटर पाणी असते, म्हणजे एक मोठी बादली पुरे. नळाचे पाणी असेल, तर ते एक दिवस उघडे ठेवून मगच पेटीत घाला. त्यामुळे पाण्यातील क्लोरीन उडून जातो. चौथा उपाय हातांचा. शेवाळाचे धागे काडीला गुंडाळून काढा. काच जुन्या सुती कापडाने पुसा. साबण मुळीच लावू नका. वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला, तर तांब्याने पाणी उचलून उंचावरून पुन्हा पेटीत ओता. तेवढ्यानेही पाण्यात हवा मिसळते.

एका वेळी एकच बदल करा आणि वहीत तारीख लिहा. दोन आठवडे वाट पाहा. नवी पाने हिरवी आली, तर कारण सापडले असे समजा.

मित्रांनो, ही गोष्ट फक्त पेटीची नाही. हिंगोलीचा जलेश्वर तलाव पाहा, पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरण पाहा, पैनगंगेवरील इसापूर धरण पाहा. ही मोठी तळी आहेत, पण नियम तोच आहे. हळदीच्या आणि सोयाबीनच्या शेतात गरजेपेक्षा जास्त टाकलेले खत पावसाबरोबर ओढ्यात उतरते. घराघरांतले सांडपाणीही तेथेच येते. तळ्याला जास्त जेवण मिळते आणि शेवाळ वाढते.

२०१४ साली अमेरिकेतील टोलेडो शहरात असेच घडले. तेथे एरी सरोवराचे पाणी पितात. सरोवरात निळे-हिरवे शेवाळ माजले. खरे तर ते जीवाणू असतात. त्यांचे विष नळापर्यंत पोचले. चार-पाच लाख लोकांना दोन-तीन दिवस नळाचे पाणी पिता आले नाही. पाणी उकळूनही उपयोग नव्हता, कारण हे विष उकळल्याने जात नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पेटीतली जास्त झालेली रोपे किंवा मासे कयाधू नदीत टाकू नका. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून शोभेची वनस्पती म्हणून आपल्या देशात आली. आज ती कित्येक तळी झाकून टाकते.

काचेच्या तळ्याची नीट काळजी घेणारा विद्यार्थी उद्या गावाच्या तळ्याचीही काळजी घेईल. पेटीचे पाणी एका बादलीने बदलता येते. धरणाचे पाणी कोणत्या बादलीने बदलणार?

शब्दार्थ
शेवाळ – पाण्यात वाढणारी मूळ नसलेली हिरवी वनस्पती
धापा टाकणे – जोरजोराने श्वास घेणे
प्राणवायू – ऑक्सिजन
नत्र, स्फुरद, पालाश – वनस्पतींना लागणारी तीन मुख्य खते
माजणे – बेसुमार वाढणे
सांडपाणी – वापरून झालेले घाण पाणी

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शेवाळ आणि रोपे ‘एकाच ताटात जेवतात’ असे का म्हटले आहे?
(आ) पाण्यात प्राणवायू केव्हा सर्वांत कमी असतो?
(इ) नळाचे पाणी एक दिवस उघडे का ठेवावे?

२. कारणे लिहा.
(अ) औषध टाकून सगळे शेवाळ एकदम मारू नये.
(आ) गळालेली पाने रोज काढून टाकावीत.

३. वाक्यात उपयोग करा.
धीर लागणे, वाट पाहणे, लक्षात ठेवणे

४. गालिचा, हवा, आजार, जमीन, ताजा हे शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.

५. उपक्रम : तुमच्या गावाजवळचे तळे किंवा ओढा पाहा. पाण्याचा रंग कसा आहे आणि त्यात कोठून काय येऊन मिळते, ते मराठीत दहा ओळींत लिहा.