दुर्बोध कविता वाचावी कशासाठी?
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या महाविद्यालयात मराठी विभागाचे एक वाचकमंडळ आहे. दर गुरुवारी दुपारी तीन ते साडेचार या वेळात ते ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत भरते. जुलैमध्ये सूचनाफलकावर कागद लागला तेव्हा सतरा जणांनी नावे दिली होती. दिवाळीच्या सुटीपर्यंत आम्ही सहाजण उरलो. जे गेले त्यांची उणीदुणी काढण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. त्यांतील एकजण पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे धावायचे, दुपारी गणिते सोडवायची, संध्याकाळी वडिलांच्या दुकानावर बसायचे असा त्याचा दिनक्रम आहे. त्याने मंडळ सोडले हे योग्यच केले असे माझे प्रामाणिक मत आहे. परंतु जाताना तो जे बोलला ते मनात राहिले. तो म्हणाला, "एका कवितेला तीन गुरुवार? एवढ्या वेळात माणूस अख्खी कादंबरी वाचून काढतो, आणि ती समजतेही."

माझ्या घरी हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला जातो. मंडळ वेळेवर सुटले तर पाचची एस.टी. मिळते, चर्चा लांबली की मग एकदम साडेसातची. ऑगस्टमध्ये एका गुरुवारी मी रात्री साडेआठला घरी पोहोचलो. त्या दिवशी केळीला खत सोडायचे होते आणि भाऊंनी (वडिलांना आम्ही भाऊ म्हणतो) ते एकट्याने उरकले होते. ते रागावले नाहीत. जेवताना एवढेच म्हणाले, "काय भेटते रे त्याच्यातून?" आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे या प्रश्नाचे तयार उत्तर घरात कोणाकडे असण्याचा संभव नव्हता. माझ्याकडेही नव्हते. हा लेख म्हणजे ते शोधण्याचा एक प्रयत्न समजावा.

प्रथम हिशेब मांडतो. पहिल्या सत्रात मंडळाच्या अकरा बैठका झाल्या. प्रत्येकी दीड तास धरला तर साडेसोळा तास होतात. एवढ्या वेळात आम्ही बा. सी. मर्ढेकरांच्या चार कविता वाचल्या, एक गुरुवार बहिणाबाईंना दिला आणि मर्ढेकरांचीच एक कादंबरी अर्धवट सोडली. भाऊंना हा आकडा सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे दोन दिवसांची मजुरी." हिशेब बरोबर आहे.

मर्ढेकरांची निवड सरांनी केली, आणि तिला एक स्थानिक कारण होते. त्यांचा जन्म 1909 मध्ये फैजपूरला झाला, म्हणजे आमच्याच यावल तालुक्यात. गेली कित्येक वर्षे मी फैजपूरवरून एस.टी.ने जातो, परंतु मराठी नवकाव्याचा प्रवर्तक मानला जाणारा कवी या गावी जन्मला हे मला एकोणिसाव्या वर्षी कळले. 'काही कविता' हा त्यांचा संग्रह 1947 साली निघाला. त्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि 1952 मध्ये कवी निर्दोष सुटला. दुर्बोधतेचा आरोप मात्र कोणत्याच न्यायालयात गेला नाही, म्हणून त्यातून ते अजून सुटलेले नाहीत.

आम्ही पहिली घेतली ती पिंपात मेलेल्या उंदरांची सुप्रसिद्ध कविता. पहिल्या वाचनानंतर खोलीत अशी शांतता पसरली की पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. मग कोणीतरी हसले. उंदरावर काय कविता करायची! सरांनी अर्थ सांगितला नाही, याचा त्या वेळी आम्हांला राग आला होता. त्यांनी फक्त पहिल्याच ओळीतील 'ओल्या' या शब्दावर बोट ठेवले आणि विचारले, "ओले काय आहे?" आम्ही सर्वांनी एका सुरात सांगितले, "उंदीर." सर म्हणाले, "उंदीर असते तर 'ओले' म्हटले असते. 'ओल्या' कसे येईल?"

इथे आम्ही अर्धा तास अडकलो. शेवटी एका वर्गभगिनीने सोडवले. विभक्तीचा प्रत्यय लागलेल्या नामाच्या विशेषणाचे सामान्यरूप होते, हे आपण आठवीच्या व्याकरणात शिकलो आहोत. तेव्हा 'ओल्या' हे 'पिपात' या शब्दाचे विशेषण असले पाहिजे. पिंप ओले आहे. परंतु विशेषण नामाच्या आधी यायचे ते इथे मागे, क्रियापदाच्याही पलीकडे पडले आहे. सरळ वाक्यातला शब्द उचलून दूर टाकल्यासारखा. का? ती म्हणाली, "वाचताना आपण उंदरांनाच ओले समजलो ना? मग दोन्ही भिजले." सरांनी वहीत काहीतरी लिहून घेतले. आठवीत शिकलेले सामान्यरूप प्रश्नपत्रिकेच्या बाहेर कुठे उपयोगी पडते हे मी त्या दिवशी प्रथमच पाहिले.

दुसऱ्या गुरुवारी 'बेकलायट' या शब्दाने आमची वाट अडवली. शब्दकोशात तो सापडेना. मोबाईलवर सापडला: लिओ बेकलंड या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी तयार केलेले कृत्रिम प्लास्टिक. त्याचे पेटंट 1909 चे, म्हणजे कवीच्या जन्मसालाचेच. हा निव्वळ योगायोग, पण मला त्याची गंमत वाटली. उष्णतेने न वितळणारे, वीज न वाहणारे. मग आठवले की आमच्या जुन्या घराच्या ओसरीत काळे, गोल, खट्कन वाजणारे बटन आहे ते याच जातीचे. त्या काळचे दूरध्वनी आणि रेडिओची खोकीही याचीच होत असत, आणि मर्ढेकर स्वतः आकाशवाणीत नोकरीला होते. म्हणजे हा शब्द त्यांनी विद्वत्ता दाखवण्यासाठी कोठून शोधून आणलेला नव्हता. तो त्यांच्या कचेरीतला, रोज हाताखालचा शब्द होता. ओठांवरचा मधसुद्धा बेकलायटाचा असावा, ही कल्पना एकदा त्या काळ्या बटनावर बोट ठेवल्यानंतर मला दुर्बोध वाटली नाही. थंडगार वाटली.

यावरून एक गोष्ट लक्षात आली. आपण 'दुर्बोध' हा एकच शब्द फार निरनिराळ्या प्रकारांना लावतो. एखादा शब्द ठाऊक नसणे हा अडथळा खरे तर क्षुल्लक; विचारले की दूर होतो. वाक्याची मोडतोड ही त्याहून अवघड, पण व्याकरणाने सुटते. मात्र सर्व शब्द कळले, वाक्य सुटले, तरीही काही शिल्लक उरते. त्या उंदरांनी स्वतःहून जगणेही निवडले नव्हते आणि मरणेही नव्हते, एवढे कळल्यावर मग आपल्याविषयी काय, हा प्रश्न उरतो. तो कवितेच्या भाषेमुळे अवघड झालेला नाही. तो मुळातच अवघड आहे, आणि सोप्या भाषेत सांगितला असता तर आम्ही मान डोलावून पुढे गेलो असतो.

याच्या उलट अनुभवही सांगितला पाहिजे. मर्ढेकरांची 1942 सालची 'रात्रीचा दिवस' ही कादंबरी आम्ही दोन गुरुवार वाचली आणि सोडून दिली. मनात येणारे विचार जसे येतात तसे मांडण्याचा, संज्ञाप्रवाहाचा, तो मराठीतील आरंभीचा प्रयोग होय, हे सरांनी सांगितले व आम्ही लिहून घेतले. परंतु लिहून घेण्यापलीकडे माझ्या हाती काही लागले नाही. अवघड म्हणून प्रत्येक पुस्तक श्रेष्ठ समजायचे आणि समजले नाही की स्वतःला मूर्ख ठरवायचे, ही सवय आम्हा नव्याने शिकणाऱ्यांना फार लवकर लागते. ते तीन तास वाया गेले असे मी स्पष्ट लिहितो.

बहिणाबाईंचा गुरुवार मात्र विसरता येणार नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) निरक्षर होत्या. त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, 1952 साली पुस्तकरूपाने आली. आमच्याकडे त्यांना सोप्या समजतात. शाळेतल्या कविता, माय जात्यावर गुणगुणत असे त्या. परंतु आमच्या मंडळात सांगलीकडचा एक मित्र आहे. वडिलांची बदली झाली म्हणून इथे आला. मर्ढेकरांच्या वेळी सर्वांत पुढे असलेला हा मित्र 'घरोट' या शब्दाशीच अडला. घरोट म्हणजे जाते, हे मी सांगितले. मग शेतातली अवजारे, सुगीची कामे, बोलण्यातले हेल, एकेक करून मीच सांगत गेलो. वर्षभर जो तोंड उघडत नव्हता तो त्या दिवशी दीड तास बोलत होता. महाविद्यालयात आल्यापासून घरची बोली जिभेवर येऊ न देण्याचा मी केवढा आटापिटा करीत आलो होतो! आणि इथे ती बोली येणारा म्हणून मलाच सगळे विचारीत होते. सोपे आणि अवघड हे पुस्तकात जेवढे असते तेवढेच वाचणारा कुठून आला आहे यावरही असते, ही गोष्ट मला कोणत्या समीक्षाग्रंथात वाचायला मिळण्याआधी तिथे कळली.

आता सामुदायिक वाचनाविषयी. ही गोष्ट पाश्चात्त्यांकडून आली असा समज मंडळात एकाने मांडला. मला तो पटत नाही. आमच्या गावात दरवर्षी सप्ताह बसतो आणि ज्ञानेश्वरीचे पारायण होते. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीचा, 1290 सालचा ग्रंथ. अठरा अध्याय, ओव्या नऊ हजारांच्या घरात. तीनशे वर्षांनी, 1584 मध्ये, एकनाथांना त्याचा पाठ शुद्ध करावा लागला, इतका तो तेव्हाही सर्वसामान्यांच्या हातून निसटत होता. व्यासपीठ चालक पुढे वाचतात, ज्यांना वाचता येते ते पोथी घेऊन बसतात, आणि माझे आजोबा खांबाला टेकून नुसते ऐकतात. त्यांना अक्षरओळख नाही. एकदा मी विचारले, "बाबा, कळते का सगळे?" ते म्हणाले, "सगळे कुठून कळेल? दरसाल एखादी ओवी जास्त कळते." एवढ्या लोकांचे सात दिवस जातात, पण काय भेटते असे गावात कोणी विचारीत नाही. अर्थात तिथे पुण्य भेटते आणि काल्याच्या दिवशी महाप्रसाद. आमच्या मंडळात चहासुद्धा आपापल्या पैशाने प्यावा लागतो. तेव्हा ही तुलना फार ताणू नये हे मला मान्य आहे.

पण तिच्यामुळे एक सुचले. सुटीत एका संध्याकाळी ओसरीवर बसून ती उंदरांची कविता मी आजोबांना वाचून दाखवली. दोनदा वाचली. कठीण शब्दांचे अर्थ सांगितले, ते काळे बटन दाखवले. भाऊ पलीकडे ठिबकच्या नळ्या गुंडाळीत होते. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. आमच्याकडेही पिंजऱ्यात सापडलेला उंदीर पिंजऱ्यासकट पाण्याच्या पिंपात बुडवतात. ते काम पुष्कळ वर्षे त्यांचेच होते. मग त्यांनी विचारले, "पण ते पिंप तिथे ठेवले कोणी?"

तीन गुरुवार आम्ही त्या कवितेशी झटत होतो. विशेषणाचा शोध लावला, बेकलायटाचा लावला, महायुद्ध, महानगर, यंत्रयुग हे सर्व शब्द वापरून झाले. हा प्रश्न आमच्यापैकी कोणी विचारला नव्हता. कवितेत पिंप आहे, उंदीर आहेत, त्यांचे मरण आहे. ज्याने पिंप ठेवले तो मात्र कुठेच नाही. सुटीनंतरच्या पहिल्या गुरुवारी मी हा प्रश्न मंडळात मांडला तेव्हा एकजण म्हणाला, देव, एकजण म्हणाला, सरकार, ती वर्गभगिनी म्हणाली, "आपणच." मग पुन्हा एस.टी. चुकली.

भाऊंच्या प्रश्नाचे उत्तर मला अजून नीट देता येत नाही. पुढील वर्षी विशेष विषय मराठी घ्यायचा की स्पर्धा परीक्षेच्या वर्गाला नाव घालायचे, हेही घरात ठरलेले नाही. त्या संध्याकाळी ठिबकच्या नळ्या ठेवून आल्यावर त्यांनी एवढे मात्र विचारले होते की हा फैजपूरचा माणूस कोणाच्या घरातला. ते मला सांगता आले नाही.

पुढच्या सत्रात मंडळाने भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (1963) घ्यायचे ठरवले आहे. नेमाडेही आमच्याच तालुक्यातले, सांगवीचे. आणि कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला जातो. ग्रंथालयात दोनच प्रती आहेत, त्यांतील एकीची शेवटची पाने गेलेली आहेत. म्हणून एकाने मोठ्याने वाचायचे व बाकीच्यांनी ऐकायचे असे ठरले असून, पहिल्या गुरुवारी वाचण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पाचच्या गाडीची वेळ सरांना आधीच सांगून ठेवली आहे.